सहा फुटी लोखंडी घनात शिल्पकाराचा विचार कोठे असतो?

सोलापुरी पत्रेवाला
अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचे फॅब्रिकेशनचे काम चालते. टाक्या, दरवाजे, यंत्रांची आवरणे आम्ही रोज करतो. अमेरिकी शिल्पकार टोनी स्मिथ यांचे १९६२ चे ‘डाय’ हे शिल्प म्हणजे ६ फूट बाजूचा पोलादी घन असून, तो त्यांनी कारखान्याला दूरध्वनीवरून मापे सांगून करवून घेतला, असे वाचनात आले. मग त्यात शिल्पकाराचे काम कोणते? जाणकारांनी कृपया सांगावे.

कलाशिक्षक, सात रस्ता
ते आधी मापात आहे. ६ फूट ही साधारण माणसाची उंची. घन मोठा केला असता तर ते स्मारक झाले असते आणि लहान केला असता तर नुसती वस्तू, असा खुलासा स्मिथ यांनीच केला होता. अमेरिकी शिल्पकार डोनल्ड जड यांनी टेक्सासमधील मार्फा येथे १९८२ ते १९८६ या काळात मांडलेल्या अॅल्युमिनियमच्या १०० पेट्या पाहिल्या, तर हा विचार अधिक उलगडतो. बाहेरून प्रत्येक पेटी ४१ × ५१ × ७२ इंचांचीच आहे, मात्र आतली विभागणी प्रत्येकीची निराळी आहे. बाहेरचे माप कायम राहिल्यामुळेच तिरका पत्रा, मोकळी बाजू, मधली पोकळी यांतला फरक ठळकपणे जाणवतो, आणि मोठ्या खिडक्यांतून येणारा उजेड सरकतो तशा त्याच पेट्या कधी वजनदार, कधी जवळजवळ पारदर्शक भासतात. मला हे काम साध्या भौमितिक आकारांच्या या परंपरेतले सर्वोच्च वाटते.

धातुप्रेमी
अमेरिकी शिल्पकार रिचर्ड सेरा यांचे १९६९ चे ‘वन टन प्रॉप’ही पाहावे. शिशाच्या ४ चौरस पाट्या एकमेकींना टेकून उभ्या आहेत, वेल्डिंग कोठेही नाही. तेथे वजन हाच सांधा आहे.

सोलापुरी पत्रेवाला
मनःपूर्वक आभार. ‘डाय’साठी पाव इंच जाडीची प्लेट घेऊन आतून तिरके आधार दिले होते, हेही वाचले होते, त्याचे महत्त्व आता ध्यानात येते. वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा ओढला जातो आणि एवढ्या मोठ्या पृष्ठावर लहर उमटते. टाकीला त्याने काही बिघडत नाही, परंतु ज्या कामात सपाट पृष्ठ आणि सरळ कड यांखेरीज पाहण्यासारखे काहीच ठेवलेले नाही, तेथे ती लहर खपणार नाही.

कलाशिक्षक, सात रस्ता
अगदी बरोबर. म्हणूनच डोनल्ड जडही आपली कामे कुशल कारागिरांकडूनच करवून घेत.