पारावरचा वीरगळ वाचायचा कसा?

प्रश्न: लातूरकडं गावोगावी पारापाशी चौकटी-चौकटींत चित्रं कोरलेले दगड दिसतात. ही समाधी म्हणायची का? आणि हातात बांगड्या कोरलेला दगड कुणाचा?

उत्तर: समाधी नव्हे, हा वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराचं स्मारक. वाचायचा खालून वर. तळाला लढाई किंवा पडलेला वीर. मागं गुरं असतील तर गोधन राखताना मेलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. माथ्याला तो शिवलिंग पूजतो. वर चंद्र-सूर्य, म्हणजे कीर्ती तोवर टिकावी. कोपरात वाकलेला, बांगड्यांचा हात असेल तर सतीचा दगड.

उत्तर: शेंदूर, ऑइलपेंट कृपा करून लावू नका, कोरीव काम बुजतं. लावलेला तारेच्या ब्रशनं खरवडूही नका, नाकडोळे जातात. अंधारात बाजूनं बॅटरी धरा, झिजलेलं कामही उठून दिसतं.