अंदमानला मित्रांसोबत गेला होतात? काय जमलं, काय फसलं, लिहा

आमची सात जणांची अंदमानवारी गेल्या डिसेंबरात झाली. कॉलेजचे मित्र, तीन वर्षं नुसतं 'जाऊया, जाऊया' चाललेलं. शेवटी एकाने एक्सेल शीट केली, दर अर्ध्या तासाला वेगळा रंग. त्यात हॅवलॉक बेटावर पोचलो त्या दिवशी लिहिलं होतं: 'पावणेसहा, राधानगर बीच, सूर्यास्त'. बरोबर पावणेसहाला पोचलो. मिट्ट काळोख. लोक पायाची वाळू झटकत परत निघालेले, शहाळेवाला दुकान आवरत होता. "दादा, सूरज तो पाँच बजे गया," म्हणाला.

घड्याळ आपलंच, पण आपण कलकत्त्याच्याही पूर्वेला, ब्रह्मदेशाच्या शेजारी येऊन बसलोय हे सातांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिथे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि पहाटे साडेपाचला लख्ख उजाडतं. टाइम साप्ताहिकाने 2004 मध्ये आशियातला सर्वोत्तम ठरवलेला किनारा आम्ही मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहिला.

तर तुमचेही अनुभव येऊ द्या. हॉटेलांची नावं नकोत, गंमतजंमत आणि फजिती हवी. भांडणं झाली असतील तर तीही.

*

तिकिटावरून झालेला गोंधळ सांगतो. आमच्या बोटीच्या तिकिटावर 'स्वराज द्वीप' छापलेलं. एक मित्र पोर्ट ब्लेअरच्या जेट्टीवर एजंटाशी भांडायलाच लागला, की आम्ही हॅवलॉकचे पैसे भरलेत, हे कुठलं भलतंच बेट? 2018 च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप. आता 2024 पासून पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालंय. रिक्षावाले, बोटवाले, हॉटेलवाले मात्र सगळे जुनंच बोलतात. कागदावर एक, तोंडात एक. मागे रांगेत पन्नास माणसं होती, त्यातली निम्मी मराठी. त्यांनी आमची यथेच्छ करमणूक करून घेतली.

*

मी मालवणचा. आम्हाला समुद्राचं कौतुक कमी, असं मीच सगळ्यांना ऐकवत होतो. खाजगी बोटीत बसलो. बंद खिडक्या, एसी, विमानासारख्या खुर्च्या, डेकवर जायला बंदी. दीड तासाचा प्रवास. अर्ध्या तासाने पहिली पिशवी उघडली गेली, मग साथच सुरू झाली. ग्रुपमध्ये सगळ्यात आधी आडवा झालो तो मीच. होडीत वारा लागतो, क्षितिज दिसतं, तिथे मला कधी काही झालेलं नाही. पण बंद डब्यात आपलं समुद्राशी नातं संपतं. पुण्याच्या पोरांनी अवोमिन, उलटीवरची गोळी, आधीच घेतली होती. ती आरामात वेफर्स खात होती.

दुसरी खोड जिरली ती भरतीवरून. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा वाजता. नीलवर तो खडकाचा नैसर्गिक पूल आहे, लक्ष्मणपूरला. तिथे ओहोटीलाच जाता येतं. मी बोटं मोजून वेळ सांगितली आणि सगळ्यांना घेऊन गेलो, तर हिशेब चांगला दीड तासाने चुकलेला. पाणी गुडघ्याच्या वर चढायला लागलेलं, खडक शेवाळलेले, एकाची चप्पल गेली. पाऊणपटीचा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, बंगालच्या उपसागराला तो कोण शिकवणार? गाइडला विचारायचं सोडून शहाणपणा केला.

*

मालवणकरांच्या पिशवीला माझा नमस्कार. मी 2003 मध्ये चेन्नईहून जहाजाने गेलेय. साधारण साठ तास, बंक क्लास, आम्ही चौघी मैत्रिणी. पहिला दिवस चौघी झोपून. तिसऱ्या दिवशी उडते मासे दिसले तेव्हा कुठे उठून बसलो. तेव्हाच्या हॅवलॉकवर गर्दी हा प्रकारच नव्हता. आता फोटो पाहते तर तिथल्या एलिफंट बीचवर गणपतीतल्या लालबागइतकी माणसं.

*

एलिफंट बीचचं लालबाग बरोबर आहे. स्पीडबोटीतून उतरल्यावर लाइफ जॅकेटवर नंबर देतात आणि मग तो नंबर पुकारतात, अगदी दवाखान्यासारखा. किनाऱ्यावर ते मोठमोठे वठलेले वृक्ष आडवे पडलेत ना, 2004 च्या त्सुनामीतले, त्यांच्यावर टॉवेल वाळत घातलेले असतात.

पण मला सांगायचंय ते मिशीबद्दल. आमचा एक मित्र कोल्हापूरचा. मिशी म्हणजे त्याचा जीव की प्राण. स्नॉर्केलिंगचा मुखवटा नाकासकट चेहऱ्यावर घट्ट बसावा लागतो आणि त्याची खालची रबरी कड बरोबर मिशीवर येते. केसांमधून पाणी आत. तीन वेळा बाहेर आला, डोळे लाल, नाकात खारट पाणी, प्रत्येक वेळी मुखवटा फुटका आहे म्हणून तक्रार. चौथ्या वेळी तिथल्या पोराने काही न बोलता खिशातून व्हॅसलीनची डबी काढली आणि याच्या मिशीला थापली. मग मात्र पठ्ठ्या अर्धा तास वर आला नाही. पोपटमासे, निळे तारामासे, समुद्रकाकड्या, सगळं पाहिलंन. संध्याकाळपर्यंत मिशी चकाकत होती आणि तिला वाळू चिकटलेली. तो फोटो अजून आमच्या ग्रुपचा डीपी आहे.

*

मी स्कूबाचं लिहिते, कारण हसण्यासारखं आहे आणि नाहीही.

पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'वर चला' असा होतो. हे काठावर दोनदा शिकवतात. आमच्या एका मित्राला सहा-सात मीटरवर क्लाउनफिश दिसला, त्याने आनंदाने अंगठा दाखवला. प्रशिक्षकाने त्याला वर आणलं. पुन्हा खाली गेले, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. तिसऱ्यांदा प्रशिक्षकानेच त्याच्या बोटांचा गोल, म्हणजे पाण्याखालचा 'ठीक', करून दिला.

न हसण्यासारखं माझं. मला लहानपणापासून दमा. आधी जो फॉर्म भरून घेतात त्यात मी 'नाही'वर खूण केली, मैत्रिणी म्हणाल्या काही होत नाही. सूट चढवला, सिलिंडर पाठीवर आला आणि मग माझीच मला भीती वाटली. खरं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे सूट उतरवायला लावला, पैसेही परत दिले. मैत्रिणी मात्र दिवसभर गप्प. माझ्यामुळे मूड गेला म्हणे. हा राग मला अजून आहे.

आणखी एक, डायव्हिंगनंतर लगेच विमान नको. आम्हाला 24 तास थांबायला सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी स्कूबा ठेवणारी एक्सेल शीट असेल तर बदला.

*

शाकाहारींनी घाबरू नये. हॅवलॉक-नीलवर वस्ती बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्यांची. नीलवर भाजीपाला भरपूर पिकतो. माझ्या सोलापूरच्या मित्राने आठवडाभर आलूपोस्तो (खसखशीतला बटाटा) आणि वांगीभाजा (तळलेली वांगी) चापला. फक्त रोज विचारायचा, शेंगाचटणी मिळेल का?

*

सेल्युलर जेलचं कुणीच लिहिलं नाही. सातपैकी आता तीनच इमारती शिल्लक आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला. आत जायला रांग, आणि रांगेत आमच्याच सोसायटीतल्या काकू, हातात डब्यातला चिवडा! डोंबिवलीत वर्षभर भेट नाही. कोठडीतून बाहेर आल्यावर मात्र काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

*

किनाऱ्यावरचे शंख, पोवळ्याचे तुकडे उचलू नका. मेलेलं पोवळंही चालत नाही. आमच्यातल्या एकाने बॅगेत टाकलं, विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं, ते काढून घेतलं आणि वर जो काही उपदेश झाला तो आम्ही सहा जणांनी, 'हा कोण बुवा' अशा चेहऱ्याने लांबून ऐकला.

*

आम्ही 2023 च्या नाताळात गेलो. सुट्टी जुळली, तिकिटं जुळली. हॅवलॉकला रात्री कयाक घेऊन चमकणारं पाणी बघायला जातात, वल्हं मारलं की निळसर ठिणग्या उडतात. ते बघायचं म्हणूनच खरं तर गेलो होतो. बुकिंगवाल्या मुलाने सरळ सांगितलं, "भैया, आज चाँद है, कम दिखेगा." आम्हाला तो उगाच टाळतोय असं वाटलं. 26 तारीख, दत्तजयंती. म्हणजे भर पौर्णिमा! आठ मराठी माणसांतल्या एकालाही कॅलेंडरच्या चौकोनातला तो पांढरा गोळा दिसला नव्हता.

पाण्यावर चांदणं असं पडलेलं की पेपर वाचावा. आम्ही वल्ही आपटतोय, हात घालून ढवळतोय, काही नाही. एक जण पैसे परत मागायच्या गोष्टी करायला लागला. शेवटी त्या मुलाने कयाक खारफुटीच्या आत वळवली, जिथे फांद्यांमुळे गडद सावली होती. म्हणाला, अब हाथ डालो. घातला. बोटांच्या मधून पाच-सहा ठिणग्या गेल्या, काजव्याएवढ्या, आणि विझल्या.