मदत हवी आहे : फिरतीच्या नोकरीत बाहेरचे खाताना नेमके काय निवडावे?

फिरस्ता
माझी नोकरी फिरतीची असून आठवड्यातले बहुतेक दिवस पुणे, सातारा, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात जातात. डॉक्टरांनी बाहेरचे खाणे बंद करण्यास सांगितले आहे. परंतु ते मला शक्य नाही आणि डबाही नेता येत नाही. एसटी स्टँडवर, महामार्गावरील हॉटेलांत आणि बर्गर-पिझ्झाच्या दुकानांत जे मिळते, त्यातले काय खावे आणि काय टाळावे, एवढेच सांगावे. ‘घरचे खा’ हा सल्ला कृपया देऊ नये. उद्या पहाटे पुन्हा निघायचे आहे.

शरयू
डॉक्टरांनी बाहेरचे बंद करण्यास का सांगितले, हे आपण लिहिलेले नाही. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल की वजन? रक्तदाब असेल तर आधी मिठाकडे पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि फरसाण, पापड, लोणचे व सॉस ताटात असले की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. गोळ्या कोणत्या चालू आहेत, तेही लिहा.

करवीरकर
कोल्हापूरच्या बाजूला जाता, मग प्रश्न कसला? मिसळ खावी. मोड आलेल्या मटकीत प्रथिने आणि तंतुमय पदार्थ भरपूर असतात. मी अनेक वर्षे सकाळी मिसळच खात आलो आहे आणि माझे सर्व अहवाल उत्तम आहेत.

दख्खनवासी
करवीरकर, आपले अहवाल उत्तम असल्याचा आनंद आहे. पण हॉटेलच्या मिसळीत मटकी कमी, फरसाण जास्त, वर तेलाचा तवंग आणि सोबत मैद्याचा पाव असतो. मिसळ खायचीच असेल तर उसळ वाढवून, फरसाण नाममात्र आणि कट वेगळा मागावा.

करवीरकर
आमच्याकडे मिसळीबरोबर पाव नव्हे, ब्रेडचे स्लाइस देतात, एवढी दुरुस्ती करावी.

दख्खनवासी
दोन्ही मैद्याचेच असल्यामुळे धागाकर्त्यांच्या दृष्टीने फरक पडत नाही.

स्वच्छ_कढई
पदार्थापेक्षा तेल महत्त्वाचे आहे, याकडे कोणी लक्ष देत नाही. तळणाच्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’चे, म्हणजे तेल पुनःपुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या घटकांचे, प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरता येत नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. गाड्यावर हे मोजता येत नाही. मात्र तेल काळपट व चिकट झालेले असेल किंवा त्यावर सतत फेस येत असेल, तर तिथला वडा घेऊ नये. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली भजीही नाकारावीत, कारण छपाईची शाई अन्नात उतरते.

फिरस्ता
तेलाबद्दल मी विचारले नव्हते. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 7.8 टक्के आली आहे, रक्तदाब थोडा जास्त आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. गोळ्यांचा खाण्याच्या निवडीशी काय संबंध?

दोनदाच_जेवण
मग उत्तर सोपे आहे. दिवसातून दोनदाच जेवा, मधे काहीही खाऊ नका. मला याचा अतिशय चांगला अनुभव आला, आणि प्रवासात काय खावे हा प्रश्नच उरत नाही.

शरयू
हा सल्ला धागाकर्त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच अमलात आणू नये. ग्लिमेपिराइड शरीराला अधिक इन्सुलिन सोडायला लावते. गोळी घेऊन जेवण चुकले किंवा फार लांबले, तर रक्तातील साखर एकदम खाली येऊ शकते, आणि गाडी चालवत असताना तसे होणे अत्यंत धोक्याचे आहे. फिरस्ता, गोळ्यांचा संबंध तो हा. घाम सुटला, हातपाय थरथरले, तर गाडी थांबवून लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर घ्यावी. चणे-शेंगदाणे तेव्हा उपयोगाचे नाहीत, कारण त्यांतून साखर सावकाश मिळते. गाडी आपण स्वतः चालवता का?

फिरस्ता
होय, स्वतःच चालवतो. हे मला कोणी सांगितले नव्हते. दुपारचे जेवण अनेकदा चारनंतर होते.

शरयू
मग वेळ आधी सांभाळा, पदार्थाची निवड त्यानंतर. जेवण लांबणार असे दिसताच मूठभर बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे आणि एखादे फळ खावे, आणि गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांना आजच फोन करून विचारावे. महामार्गावर ज्वारीची भाकरी, पिठले आणि एखादी पालेभाजी बहुतेक ठिकाणी मिळते. तीच थाळी मागावी, पापड-लोणचे परत करावे.

दख्खनवासी
बर्गर-पिझ्झाबद्दल कोणीच लिहिले नाही. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी दुकानांना प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी मेनूवर दाखवणे बंधनकारक आहे. त्या वाचून सर्वांत लहान बर्गर एकटाच घ्यावा. कॉम्बो स्वस्त वाटतो, परंतु त्यात फ्राइज आणि कोला येतो, आणि 300 मिलिलिटर कोलात साधारण 30 ग्रॅम साखर असते. साखर एकदम खाली गेली तरच त्या पेयाचा उपयोग, एरवी पाणी किंवा बिनमिठाचे ताक.

फिरस्ता
समजले. डॉक्टरांना फोन करतो. पहाटे पाचला स्टँडवर वडापाव आणि पोहे एवढेच मिळते. त्यांतले काय?

शरयू
पोहे, एकच प्लेट, वर शेव न घालता आणि शेंगदाणे जास्त मागून. शेजारी उकडलेल्या अंड्यांची गाडी असेल आणि आपण अंडी खात असाल, तर पोहे अर्धे करून दोन अंडी घ्या.