भांडण दिल्ली-वॉशिंग्टनचं, मग बिल कपाशीवाल्याच्या नावावर का फाडता? (२०२५ च्या अखेरची चर्चा)

तापीकाठचा (चोपडा)
७ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीत हरितक्रांतीवाले शास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत पंतप्रधान म्हणाले की शेतकरी, पशुपालक, मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही, मला स्वतःला किंमत मोजावी लागली तरी चालेल. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ! आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आमची वेचणी बाजारात यायचा नेमका तोच टाइम. ट्रम्पने रशियाच्या तेलाचं निमित्त काढून २७ ऑगस्टपासून आपल्या मालावरचा टॅरिफ ५० टक्क्यांवर नेला, मार बसला कपड्याला, त्या गिरण्यांना दिलासा म्हणून आपलं शुल्क काढलं आणि झळ बसली कपाशीला. अमेरिकेपुढे झुकू नका हे शंभर टक्के मान्य, पण न झुकण्याचा खर्च आमच्याकडूनच का वसूल करायचा? लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० आणि आमच्या गावात खेडा खरेदीवाला साडेसहा हजाराने मागून गेला.

जिनवाला (धरणगाव)
भाऊ, हिशोब अर्धाच सांगताय. साडेसहा हजार का मागितला ते पण लिहा ना. यंदा सप्टेंबरभर पाऊस, बोंडं झाडावरच भिजली. गाडी जिनात (सरकी काढायच्या कारखान्यात) आली की वरचा कापूस कोरडा पांढराशुभ्र आणि कोपरापर्यंत हात घातला की आत थंडगार ओल. सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) तर ८ टक्के मॉइश्चरपर्यंतच पूर्ण भाव देते, १२ च्या वर घेतच नाही. आता शुल्काचं. तयार कपड्याचं आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, तिथे ऑगस्ट २०२५ पासून बांगलादेश-व्हिएतनामला २० टक्के टॅरिफ, पाकिस्तानला १९ आणि आपल्याला ५०. तिरुपूरच्या कपडेवाल्याला निदान कापूस तरी जगाच्या भावात मिळाला पाहिजे की नाही? गिरणी बंद पडली तर माझी रुईची गाठ कोण घेणार आणि मग तुमचा कापूस मी कशाला घेऊ? आणि हे शुल्क लागलं २०२१ च्या बजेटमध्ये, त्याआधी खानदेशात कपाशी पेरतच नव्हते का?

तापीकाठचा
२०२२ ला पण एप्रिलपासून माफ केलं होतं, तेव्हा भाव दहा-बारा हजार होता म्हणून कोणी ब्र काढला नाही. हमीभावाच्या खाली मार्केट असताना माफ करणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याची याच्याशी गाठ बांधू नका.

देश आधी (धुळे)
सगळं भावातच मोजायचं का? चीन आपल्यापेक्षा जास्तच रशियाचं तेल घेतो, त्याला हा दंड नाही. युरोप अजून रशियाचा गॅस घेतोय. म्हणजे तेल हे निव्वळ निमित्त. मे महिन्यात पाकिस्तानबरोबरची युद्धबंदी मीच केली म्हणून ट्रम्प जगभर सांगत सुटला, आपण म्हटलं असं काही नाही, तेव्हापासून पोटात दुखतंय. १९९८ ला पोखरणनंतर पण निर्बंध लावले होते, देश बुडाला नाही. थोडी कळ सोसा.

वहिनी (अमळनेर)
कळ सोसा म्हणणाऱ्याचा पगार एक तारखेला होतो का हो भाऊ? असंच विचारते. २०२२ च्या आधी रशियाचं तेल आपल्याकडे २ टक्के पण येत नव्हतं, आता साधारण तिसरा हिस्सा येतं, स्वस्त मिळतं म्हणून घेतो म्हणतात. मग ट्रॅक्टरचं डिझेल नव्वदीच्या खाली का नाही आलं? तेलाचा फायदा वरच्या वर कुठे जिरला ते सांगा आणि मग देशभक्ती शिकवा. २०२३ ला भाव वाढेल म्हणून लोकांनी घराघरात कापूस भरून ठेवला होता, आमच्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत, लहान पोरांच्या अंगाला खाज सुटून पुरळ आलं, आणि विकला शेवटी पडत्या भावानेच. कळ कशी सोसतात ते आम्हाला सांगू नका.

सुरतवाला (मूळ शिंदखेडा)
तुम्ही बठ्ठा कापूस कापूस करी राहिनात, आठे सुरतमा हिरा घसनारास्नी काय गत व्हयनी ते कोन इचारस? आपल्या गावाकडची निम्मी पोरं उधना-लिंबायतला आहेत. अमेरिकेची ऑर्डर थांबली की कारखान्याला सुट्टी आणि सुट्टीचा पगार नाही. कपाशीला कागदावर का होईना हमीभाव आहे, हिऱ्यावाल्याला काय आहे? मी तर म्हणतो ताठ कणा वगैरे ठीक आहे पण बसून बोला आणि काहीतरी सोडून मिटवा.

देश आधी (धुळे)
काय सोडायचं? त्यांना मका, सोयाबीन, दूध सगळं इथे विकायचंय. ते सोडलं की हेच तापीकाठचे भाऊ पुन्हा धागा काढतील.

तापीकाठचा
काढणारच. मका पण लावतो मी.

केळीवाला (रावेर)
आमचं ऐका. जूनमध्ये इराण-इस्रायल पेटलं, बारा दिवसच चाललं, पण इराणला आणि आखातात केळी पाठवणारा प्रत्येक जण फोन धरून बसला होता. मिसाइल तिकडे पडतं आणि इकडे सावद्याला व्यापारी म्हणतो आज काटणी नको. केळी झाडावर थांबत नाही. तरी मी तापीकाठच्या भाऊंच्या विरोधात आहे, कारण आपणच दारं लावून बसलो तर समोरचा पण लावणार, आणि माझा माल बाहेरच जातो.

मास्तर (पारोळा)
खानदेशात हे काही पहिल्यांदा होत नाहीये. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इथल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. यादवी संपली, भाव कोसळले, कर्ज मात्र तसंच राहिलं.

जिनवाला (धरणगाव)
मास्तर बरोबर. आणि खरी बोंब कोणी बोलतच नाही, ती उत्पादनाची. आपली रुई (सरकी काढलेला कापूस) हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास, ब्राझीलची त्याच्या चौपट. बीटी (अळीला मारणारं बियाणं) आलं २००२ ला, त्याची दुसरी आवृत्ती २००६ ला, त्यानंतर म्हणावं असं नवीन काही आलंच नाही, बोंडअळी त्यालाही पचवून बसली आणि लोक चोरून तणनाशक सोसणारं बियाणं पेरतात. शुल्क परत लावलं तरी हे सुटणार आहे का?

वहिनी (अमळनेर)
बियाणं पुढच्या वर्षीचं झालं, कापूस आज अंगणात पडलाय. कर्जमाफीचं पण मुख्यमंत्री ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ म्हणाले, तोपर्यंत सोसायटीवाला थांबेल का?

तापीकाठचा
माझी मागणी साधी आहे. गिरण्यांसाठी शुल्क काढायचं तर काढा, पण त्याच दिवशी हमीभाव आणि बाजारभाव यातला फरक खात्यावर टाका. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात यंदा सोयाबीनला भावांतर देतायत, मग आपल्याकडे कपाशीला द्यायला काय अडचण आहे?

देश आधी (धुळे)
आणि पैसा कुठून आणायचा?

तापीकाठचा
११ टक्के ज्यांचे वाचले त्यांना विचारा. ३१ डिसेंबरनंतर सवलत वाढवू नका म्हणून कलेक्टर ऑफिसला निवेदन देतोय. जिनवाले शेठ, सही करणार का?

जिनवाला (धरणगाव)
मुदतवाढीच्या विरोधात नाही करणार. भावांतरासाठी वेगळा कागद काढा, त्यावर पहिली सही माझी. आणि पुढची गाडी वाळवून आणा.