हुरड्याची आगटी, रात्रीची शेकोटी अन् शेजारी अभयारण्य: काय चालतं, काय नाही?

गोदाकाठ
जानेवारीअखेर कन्नड तालुक्यात पाहुण्यांच्या शेतात २५ जणांचा हुरडा ठरलाय. मुक्काम तंबूत. दोन आगट्या (कणसं भाजायचे खड्डे), रात्री एक शेकोटी. वरच्या अंगाला गौताळा अभयारण्याचं जंगल, खालच्या अंगाला शेजाऱ्याचा उभा ऊस. परवानगी कुणाची घ्यायची? आगटी कुठं अन् केवढी खणायची? पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) भरपूर पडलीय, ती जाळली तर चालेल?

बांधावरचा
आधी सातबारा आणि हद्दीचे दगड बघा. मालकीच्या रानात आगटीला सहसा वेगळा परवाना लागत नाही, मालकाची संमती मात्र हवी. गायरानात मात्र ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय काडी ओढू नका. हद्दीपलीकडे विषयच संपला. राखीव जंगलात आग पेटवणं किंवा जळती सोडून जाणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि अभयारण्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० वरून लागतं. ‘जंगलात थोडं आत जाऊन शेकोटी करू’ म्हणणारा एक तरी पाहुणा निघतोच, त्याला आधीच सांगून ठेवा.

आपल्या रानातली आगही हलगर्जीपणानं दुसऱ्याच्या जिवावर बेतण्यासारखी झाली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उसाच्या भरपाईचं भांडण वेगळं. म्हणून शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, जमलं तर हुरड्यालाच बोलवा.

जंगलाकडे धूर दिसला तर १९२६ ही वन विभागाची हेल्पलाइन, अग्निशमनाला १०१, बाकी सगळ्याला ११२. तालुक्याहून बंब यायला वेळ लागतो, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं तुमचीच.

कडबा_गंजी
जागेवरच सगळं अवलंबून आहे. डोंगरउताराला दिवसा वारं वर चढतं आणि रात्री थंड हवा खाली उतरते. म्हणजे दुपारी ठिणगी जंगलाकडे, रात्री उसाकडे. मधोमध, विहिरीजवळचं खळं किंवा मुरमाड जागा धरा. उसापासून निदान १०० फूट लांब, कडब्याची गंजी त्याहून लांब. वर विजेची तार नको, झाडाची फांदी नको. झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ असेल तर जागाच बदला, धूर लागला की माश्या उठतात.

काळ्या रानात भेगा असतात आणि भेगांत धसकटं (कापलेल्या पिकाचे वाळके खुंट). आग तिथून आतल्या आत सरकते. आगटीभोवती दहा फूट धसकटं उपटून माती उघडी करा, ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाजूला ठेवा. खड्डा दोन फूट रुंद, फूटभर खोल. काठाला ओढ्यातले ओले दगड लावू नका, आतलं पाणी तापून ते तडकतात आणि कपच्या उडतात.

पऱ्हाटी हुरड्याला नको. भडका मोठा, निखारा टिकत नाही, वर कपाशीवरचे फवारे. एका आगटीला पंधरा-वीस वाळक्या गोवऱ्या घ्या, कापूर आणि मूठभर तुराटीनं पेटवा. पेट्रोल-डिझेल अजिबात नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढणाऱ्याच्याच पायाशी पेट घेते. जाळ बसून निखाऱ्यावर राख चढली की मगच कणसं फुफाट्यात सारायची. जाळात घातली तर दाणा वरून करपतो, आत कच्चा राहतो.

शेकोटीला बाभळीची लाकडं, जाळ कमरेच्या वर नको. पत्रावळ्या, थर्माकोल, प्लास्टिकचे ग्लास त्यात टाकू देऊ नका.

गोदाकाठ
उपयोगी माहिती. विझवायला वरून माती लोटली की भागेल ना? पाण्याला विहिरीची मोटार आहेच.

बांधावरचा
नाही भागत. मातीखाली गोवरी रात्रभर धुमसते. वरून राख पांढरी आणि थंड दिसते. गोवरी फोडली की गाभा लालभडक. सकाळी पोरांचा नाहीतर बैलाचा पाय नेमका त्यात जातो. बाजूनं हळू पाणी ओता, एकदम ओतलं तर वाफ आणि गरम राख तोंडावर येते. मग फावड्यानं उकरून एकेक गोवरी फोडा, परत पाणी घाला आणि चिखल करा. उलटा हात जवळ धरून धग लागत नाही ना बघा. ती राख दुसऱ्या दिवशीसुद्धा उकिरड्यावर टाकू नका.

मोटारीच्या भरवशावर राहू नका, शेतीची लाइन रात्री असेलच असं नाही. २०० लिटरची टाकी उजेडातच भरून ठेवा, सोबत दोन बादल्या, फावडं, ओली गोणपाटं. फवारणीचा पंप घेणार असाल तर आधी चांगला धुवा.

कडबा_गंजी
तंबू आगीपासून ३० फूट, वाऱ्याच्या आडव्या अंगाला. थंडी कितीही पडो, निखाऱ्यांची शेगडी तंबूत न्यायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. आगटीजवळ बसणाऱ्यांनी ओढणी-पदर खोचून बसावं, नायलॉनचं जर्किन काढून ठेवावं. भाजलंच तर २० मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. फोड मोठे असतील किंवा चेहरा, हात भाजला असेल तर १०८ ला फोन करा.