खिशात मावणारा, पण सगळे बघत राहतील असा टॉर्च हवाय

चाकरमानी_कणकवली

नमस्कार मंडळी. गणपतीला गावी चाललोय, कणकवलीपासून आत वाडीवर. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. मुंबई, पुणे, बडोदा, सगळीकडून चुलत-आत्ते भावंडं जमतात. यंदा मला असा टॉर्च न्यायचाय जो पँटच्या खिशात बसेल, पण रात्री भजनाला एका घरून दुसऱ्या घरी जाताना लावला की सगळे थांबून विचारतील, हे काय आहे रे?

खरं कारण सांगतो. धाकटी भावंडं आता कॉलेजात गेलीत. आरती झाली की जो तो आपापल्या मोबाईलमध्ये. आमच्या लहानपणी आजोबांची तीन सेलची लांब बॅटरी हातात मिळावी म्हणून भांडणं व्हायची. माडाच्या शेंड्यावर उजेड पाडून दाखवला की आम्ही खूश. तसं काहीतरी त्यांच्या वाट्यालाही यावं असं मनापासून वाटतं.

बजेट ४००० रुपये. ऑनलाइन एक ६९९ रुपयांचा दिसला, त्यावर ९०,००० लुमेन (उजेडाचं माप) लिहिलंय. दुसरा २५०० चा, त्यावर फक्त २००० लुमेन. मग महागातला का घ्यायचा? पाऊस असणार, लाईट जाणार, वाटेत जनावराची, म्हणजे सापाची भीती असतेच. कुणी वापरलाय का?

सह्यकडा

६९९ वाला घेऊ नका. मी ट्रेकला सोफिर्न कंपनीचा एससी३१ प्रो टॉर्च नेतो. एक १८६५० सेल, यूएसबी-सीवर चार्ज होतो, कमाल २००० लुमेन. बटणाच्या करामती भरपूर आहेत, पण त्या न शिकताही चालतं, एकदा दाबलं की लागतो. खिशात आरामात बसतो. बाकी सविस्तर पागोळीताई सांगतील, त्या या विषयातल्या जाणकार.

पागोळी

चाकरमानी, मी सिंधुदुर्गातच राहते. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि पावसाळ्यात रात्री आंबोलीत बेडूक शोधत हिंडते. टॉर्च हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी ते ९०,००० निकालात काढू. १८६५० सेल म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. चांगल्या कंपनीचा सेल ३५०० एमएएचचा (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप), ३.६ व्होल्टचा. गुणाकार केला की साडेबारा वॅट-तास एवढी ऊर्जा होते. चांगला एलईडी एका वॅटमागे ढोबळमानाने १०० लुमेन देतो. म्हणजे ९०,००० लुमेनसाठी ९०० वॅट लागतील, जवळजवळ इस्त्रीइतके. एवढ्याशा सेलमधून तेवढी वीज निघत नाही, आणि निघाली असती तरी पन्नास सेकंदांत सेल रिकामा झाला असता. असले दिवे प्रत्यक्षात काहीशे लुमेनच्या पुढे जात नाहीत. त्यांच्यासोबत येणाऱ्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं असेल तर तेही खोटं.

२००० लुमेनवाला खोटा नाही, पण तो आकडा थोड्या वेळापुरता असतो. एवढ्या लहान धातूच्या नळीतून उष्णता बाहेर पडायला जागा नसते, म्हणून दोनेक मिनिटांत दिवा आपोआप उजेड उतरवतो. त्यानंतर हातात धरवेल असा दिवा बहुधा पाचसातशे लुमेनच्या आसपास टिकतो. वाडीच्या वाटेला शंभर-दीडशेसुद्धा भरपूर झाले, मोबाईलचा दिवा जेमतेम पन्नासेक लुमेनचा असतो. आणि दुप्पट लुमेन म्हणजे डोळ्यांना दुप्पट उजेड असं होत नाही. १००० आणि २००० शेजारी-शेजारी लावले तरच फरक कळतो. त्यामुळे भावंडांना लुमेन सांगून काही साधणार नाही.

लांबचं दाखवायचं असेल तर लुमेन सोडून कॅन्डेला बघायचं. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, कॅन्डेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटलाय ते. खोक्यावर मीटरमध्ये जो पल्ला लिहितात त्याची व्याख्या ठरलेली आहे: जिथे उजेड ०.२५ लक्सपर्यंत उतरतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका होतो, ते अंतर. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दोनाने गुणलं की तेच अंतर मिळतं. १०,००० कॅन्डेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४००. पल्ला दुप्पट हवा तर कॅन्डेला चौपट. आणि चांदण्याएवढ्या उजेडात काही ओळखू येत नाही, तेव्हा लिहिलेल्याच्या निम्मं अंतर खरं धरायचं. खिशातल्या दिव्याचा रिफ्लेक्टर लहान, म्हणून तो दीडशे-अडीचशे मीटरवर थांबतो. माडाचा शेंडा त्यात सहज येतो.

पण माझं ठाम मत सांगू? दिवा दाखवून कुणी दोन मिनिटांच्या वर थक्क होत नाही. दिव्याने काहीतरी दाखवावं लागतं.

पाऊस उघडलेल्या रात्री भावंडांना घेऊन गवताळ जागेपाशी जा, बंधाऱ्यावर किंवा भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या कडेला. टॉर्च खाली धरू नका. कानशिलाला लावून, डोळ्यांच्या रेषेत धरा आणि वीस-पंचवीस फुटांवरच्या गवताकडे बघा. हिरवट-निळे, हिऱ्यासारखे बारीक ठिपके चमकताना दिसतील. पहिल्यांदा सगळ्यांना दवबिंदू वाटतात. एका ठिपक्यावर उजेड स्थिर ठेवून जवळ जायला सांगा. तिथे लांडगा कोळी बसलेला सापडेल. त्याच्या डोळ्यांमागे आरशासारखा थर असतो, आलेला उजेड आल्या वाटेने परत जातो. म्हणूनच टॉर्च कमरेशी धरला तर काही दिसत नाही, डोळ्यांशी नेला की अख्खं गवत जागं होतं. गुरांचे, मांजरांचे डोळे चमकतात तेही याचमुळे. माझे विद्यार्थी हे बघून अर्धा-अर्धा तास हलत नाहीत, आणि याला शंभर लुमेनसुद्धा जास्त होतात. फक्त लक्षात असू दे, सापांच्या डोळ्यांत हा थर नसतो. मण्यार, घोणस चमकून सावध करणार नाहीत. वाटेवर पायांपुढेच उजेड हवा, आणि पायात बूट.

दुसरी गोष्ट रंगाची. स्वस्त दिव्यांचा उजेड निळसर असतो, त्यात लाल रंग मेल्यासारखा दिसतो. रंग किती खरे दिसतात त्याचा एक आकडा असतो, सीआरआय. शंभरपैकी सत्तर म्हणजे साधा, नव्वदच्या वर उत्तम. निचिया कंपनीचा ५१९ए हा एलईडी असलेला, ४००० केल्विनच्या (उजेड किती पिवळसर की निळसर त्याचं माप) आसपासचा दिवा घ्या आणि लाईट गेल्यावर गणपतीच्या माटवीवर, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीवर उजेड सोडा. कवंडाळाचा शेंदरी, सुपारीच्या शिपट्यांचा हिरवा-पिवळा, जास्वंदीचा लाल, सगळे जसेच्या तसे उठून येतात. मग तोच दिवा शेपटावर उभा करून चुना लावलेल्या पांढऱ्या भिंतीजवळ ठेवा, सगळ्या खोलीत मऊ उजेड पसरतो आणि आरती विनाखंड चालू राहते. कौलांकडे तोंड करून ठेवला तर फायदा नाही, कौलं उजेड गिळतात. तुमच्या आजीला हे सगळ्यात आवडेल अशी माझी खात्री आहे.

आणि तिसरी, जिच्यासाठी मी तुम्हाला दुसरा छोटा दिवा घ्यायला सांगेन. ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील टॉर्च. रात्री घराभोवतीच्या जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर तो फिरवा. विंचू असेल तर फटीत हिरवट-निळा झगझगीत दिसतो, एरवी तिथे काही आहे असा संशयही येत नाही. विंचवाच्या कवचात काही रसायनं असतात, अतिनील किरण पडले की ती प्रकाश देतात. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, कवच कडक झाल्यावर चमकू लागतो. ३९५ वाला स्वस्त टॉर्चही चालतो, पण त्याचा स्वतःचा जांभळा उजेड एवढा असतो की चमक त्यात बुडते. ३६५ वर काळी गाळणी-काच असेल तर आजूबाजूला मिट्ट काळोख राहतो आणि विंचू तेवढा पेटल्यासारखा दिसतो.

ते बघून मोठी माणसंसुद्धा गप्प होतात, कारण कोकणात विंचवाची भीती घराघरात आहे. आपल्याकडच्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून ते प्रमाण खूप खाली आणलं. भावंडांना विंचू दाखवाल तेव्हा हेही जरूर सांगा. काम आपल्याच भागातलं, आणि जगभर वाचलं गेलेलं. विंचवाला डिवचायचं नाही, गडग्यात हात घालायचा नाही, उजेडही त्याच्यावर फार वेळ ठेवायचा नाही. त्याला तो नकोसा होतो.

शिवनेरीचा_बाळू

ताई, लई भारी लिहिलंय. आमच्या जुन्नरकडं कौतुकाचा भाग कमी, गरज जास्त. रात्रपाळीची वीज आली की उसाला पाणी द्यायला जावं लागतं, आणि उसात बिबट्या. माझ्याकडं लांब पल्ल्याची बॅटरी आहे. बांधावरनं आधी लांबवर फिरवून घेतो, डोळे चमकले की तिथंच थांबतो, मोठ्यानं बोलतो, मोबाईलवर गाणी लावतो. मग दुसरीनं, पसरट उजेडाच्या बॅटरीनं पाय टाकायची जागा बघतो. एकच बॅटरी दोन्ही कामं नीट करत नाही हे माझं मत. पोरांना दाखवायला म्हणून घ्या, पण घरी वडीलधाऱ्यांजवळ एक चांगली ठेवून या. त्यांना तिचा रोज उपयोग होईल.

चाकरमानी_कणकवली

पागोळीताई, शतशः आभार. मला वाटलं होतं कुणीतरी एक मॉडेल सांगेल आणि धागा संपेल. मला 'तू' म्हणा, मी सत्तावीसचा आहे. बाळूदादा, तुमचं पटलं, मोठा टॉर्च काकांकडे ठेवून येतो. दोन शंका आहेत. अतिनील टॉर्च लहान मुलांच्या आसपास चालेल का? सोबत सहा-सात वर्षांची दोन पोरं असणार. आणि पावसात, धुक्यात उजेड समोरच पांढरा होऊन परत येतो, त्यावर उपाय काय?

पागोळी

बरं, तू म्हणते.

अतिनील टॉर्च पोरांच्या हातात द्यायचा नाही. तो डोळ्यांना अंधुक वाटतो, म्हणून मुलं सरळ आत बघतात, आणि त्याने डोळ्यांना इजा होऊ शकते. टॉर्च तुझ्या हातात, पोरं तुझ्या मागे. पिवळट सुरक्षा-चष्मा मिळाला तर घे, त्यातून चमक आणखी स्पष्ट दिसते. गडग्यापाशी न्यायला भीती वाटली तर घरातच खेळ कर. हळदीची चिमूट पिवळीधमक उजळते, टॉनिक वॉटरचा ग्लास निळा होतो, नोटेवरचे क्रमांक चमकतात. पोरांना एवढ्यावरच रात्र पुरेल.

धुक्याचं म्हणशील तर, टॉर्च डोळ्यांशी धरल्यावर समोरच्या थेंबांवरून उजेड थेट डोळ्यांत परततो. चालताना तो कमरेखाली धर, उजेड कमी कर, वाट लगेच स्पष्ट होते. पिवळसर उजेडाने फरक पडतो असं पुष्कळ जण म्हणतात, पण मला खरा फरक धरण्याच्या उंचीनेच पडलेला दिसतो. म्हणजे कोळी बघताना कानशिलाशी, धुक्यात चालताना कमरेशी. आणि थांबला असशील तेव्हा मात्र एकदा पूर्ण उजेडात वर आकाशाकडे सोड, धुक्यात सरळ खांब उभा राहतो. वाडीवरच्या पोरांना तो आवडतो. समोरून कुणी येत असेल तर टॉर्च खाली. अंधाराला सरावलेले डोळे एका झोताने जातात आणि पुन्हा सरावायला वीस मिनिटं लागतात. त्या वेळात म्हाताऱ्या माणसाला पाणंदीत तोल सांभाळणं अवघड. झाडावर झोपलेल्या पक्ष्यांवरही मारू नकोस.

खरेदीचं असं कर. रंगासाठी आणि चालण्यासाठी कॉनव्हॉय कंपनीचा एस२+, ५१९ए एलईडी घालून. विंचवासाठी त्याच कंपनीचा ३६५ नॅनोमीटरचा, गाळणी-काचेसकट. दोघांत तोच १८६५० सेल बसतो. बाहेरून मागवशील तर सीमाशुल्क आणि वेळ दोन्ही धर. सह्यकडांनी सांगितलेला एससी३१ प्रोही चांगलाच आहे, काकांना देण्यासाठी तो बघ, चार्जर वेगळा लागत नाही.

सेल मात्र नावाजलेल्या कंपनीचा, खात्रीच्या दुकानातूनच. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात ठेवायचा नाही, टोकं जुळली तर तो पेट घेऊ शकतो, प्लास्टिकची डबी वापर. टॉर्च खिशात असताना शेपटाकडचं झाकण पाव फेरा सैल करून ठेव, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी लागणार नाही. जास्त उजेडाचा दिवा खिशात लागला तर कापड जाळतो.

कुठल्या वाडीत असतोस ते व्यक्तिगत निरोप करून सांग. जवळपास असलास तर विसर्जनानंतर एका रात्री सगळ्यांना घेऊन आंबोलीला ये, पाऊस असेल तर बेडूक दाखवते. छत्र्या नकोत, रेनकोट आणा.