मदत हवी आहे: मॉन्स्टर हायच्या जुन्या बाहुल्या बंद का झाल्या? ड्रॅक्युलोराचा हात कुठे मिळेल?

सुपारीबाग:

नमस्कार मंडळी. प्रश्न पोरकट वाटेल, पण आमच्याकडे सध्या यावरून बरीच डोकेफोड चाललीय.

आम्ही शिरोड्याजवळचे. माझा धाकटा भाऊ मस्कतला होता, तो सुट्टीवर येताना माझ्या लेकीसाठी मॉन्स्टर हायची बाहुली आणायचा. ड्रॅक्युलोरा, फ्रँकी स्टाईन, क्लॉडीन, लगूना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाईनचा राक्षस असल्या नामांकित मंडळींच्या मुली एकाच शाळेत शिकतात, अशी सगळी कल्पना. कोपर, मनगट, गुडघा, सगळं वाकतं. ड्रॅक्युलोराला ओठांबाहेर डोकावणारे दोन इवले सुळे आणि गालावर बदामाच्या आकाराचा तीळ.

लेक आता पुण्याला नोकरी करते. गणपतीला येईल तेव्हा हा संच तिला भाचीला द्यायचाय. माळ्यावरून खोका काढला तर ड्रॅक्युलोराचा डावा हात कोपरापासून नाही. कपडे घालायला सोपं जावं म्हणून ते हात निघतात ना, तसा तो कधीतरी विहिरीत पडला होता म्हणे. मध्यंतरी विहिरीचा गाळ काढला, त्यात जुनी कळशी मिळाली, हात काही मिळाला नाही.

वेंगुर्ल्यात, सावंतवाडीत विचारलं, कुठेच काही नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, भुताखेतांच्या बाहुल्या म्हणून सरकारने बंदी घातली. अहो, आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चपला वाहणारी माणसं आपण, आपल्याला ड्रॅक्युलाची मुलगी काय भिववणार? दीर म्हणतात, कंपनी कोर्टात हरली. खरं काय? एवढ्या खपणाऱ्या बाहुल्या कोणी बंद कशाला करेल? आणि नव्या बाहुलीचा हात जुनीला बसेल का?

कोर्टकचेरी:

तुमच्या दिरांनी दोन गोष्टींची खिचडी केलीय. कोर्टात अडकली ती ब्राट्झ नावाची दुसरीच बाहुली. मोठं डोकं, जाड ओठ, बुटांसकट पाऊल निघतं ती. एमजीए कंपनीने ती 2001 मध्ये आणली. मॉन्स्टर हाय बनवणाऱ्या मॅटेल कंपनीचा दावा असा की तिचा चित्रकार आमच्याकडे नोकरीला असतानाच त्याला ती सुचली, म्हणून ती आमची. 2008 मध्ये ज्युरीने मॅटेलला 10 कोटी डॉलर देवविले आणि डिसेंबरात न्यायाधीशांनी ब्राट्झ बनवणं, विकणं थांबवायचा हुकूम दिला. 2010 मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. पुढच्या वर्षी फेरसुनावणीत ज्युरीने एमजीएच्या बाजूने कौल दिला. मॉन्स्टर हायचा यात काही संबंध नाही, ती मॅटेलचीच.

जुनाखोका:

ताई, बंदीबिंदी काही नाही. मी या बाहुल्या जमवतो (हसा खुशाल, घरचेही हसतात), तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

मॉन्स्टर हाय 2010 मध्ये आली आणि पहिली काही वर्षं धो धो खपली. मग मॅटेलने स्वतःच त्याच शेल्फवर गर्दी केली. 2013 मध्ये परीकथांतल्या राजा-राण्यांच्या मुलींची एव्हर आफ्टर हाय आणली. तीही शाळा, त्याही नामवंतांच्या मुली, गिऱ्हाईकही तेच. त्यात डिस्नेच्या फ्रोझन सिनेमातल्या एल्साने मुलींना वेड लावलं. त्या बाहुल्याही तेव्हा मॅटेलच करायची, पण डिस्नेच्या राजकन्यांचं आणि फ्रोझनचं काम 2016 पासून हॅस्ब्रो या दुसऱ्या खेळणी कंपनीकडे गेलं. कंपनीला ती खिंडारं बुजवायची घाई झाली.

आणि इथेच, माझ्या मते, घोडं पेंड खाल्लं. 2016 मध्ये मॉन्स्टर हायचा नवा अवतार काढला. चेहरे गोडगोड, डोळे मोठाले, अणकुचीदारपणा गायब. स्वस्तातल्या बाहुल्यांचे तर सांधेही कमी केले, म्हणजे तुमच्या लेकीला आवडायचं ते वाकणारं मनगटच गेलं. लहान मुलींसाठी म्हणून केलं, पण जुनं गिऱ्हाईक तुटलं आणि नवं आलं नाही. 2017 मध्ये मॅटेलचा तोटा 100 कोटी डॉलरच्या वर गेला. त्याच सप्टेंबरात टॉईज आर अस ही खेळण्यांच्या दुकानांची मोठी साखळी दिवाळखोरीत निघाली, आणि पुढच्या जूनपर्यंत तिची अमेरिकेतली दुकानं बंद झाली. अशा वेळी जो माल रेंगाळतो त्यावर आधी कुऱ्हाड पडते. 2018 मध्ये मॉन्स्टर हाय थांबली. एकच खलनायक शोधत असाल तर तो सापडणार नाही, पण चांगल्या चाललेल्या बाहुलीचा चेहरा बदलणं मला तरी अजून माफ करवत नाही.

आता हाताचं. मॉन्स्टर हाय 2022 मध्ये परत आलीय, पण नव्या ड्रॅक्युलोराची अंगकाठी वेगळी, जरा भरलेली. तिचा हात घेऊ नका, विजोड दिसेल. त्याच सुमारास मॅटेलने पहिल्या बाहुल्यांच्या हुबेहूब आवृत्त्याही काढल्या. त्यातली मिळाली तर उत्तम. नाहीतर जुनी, केस गेलेली, कपडे नसलेली बाहुली सुट्या भागांसाठी घ्या, स्वस्त पडते. हात काढताना आधी तो गरम पाण्यात थोडा वेळ धरा आणि मऊ झाल्यावर सरळ ओढा. पिळलात तर आतली खुंटी मोडते आणि मग दोन लुळ्या बाहुल्या होतील.

बाजारपेठवाला:

ताईनू, माझा कुडाळाक खेळण्यांचा दुकान. भुताबिताचो काय संबंध नाय. 2020च्या बजेटात भायल्या खेळण्यांवरची ड्युटी 20 टक्क्यांवरून 60 केली, 2023 मध्ये 70. त्यात 1 जानेवारी 2021पासून आयएसआयची खूण नसली तर माल ठेवूक गावणा नाय. तेवढ्यासाठी कोण बाहुले मागवतलो? गिऱ्हाईक येता, किंमत ऐकता आणि बॅट-बॉल घेवन जाता. आमच्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांका मात्र त्यात सवलत आसा, कारागिरान हस्तकला खात्यात नाव नोंदवलेला असला तर.

सुपारीबाग:

सगळ्यांचे आभार. दिरांना ब्राट्झचा किस्सा वाचून दाखवला, ते म्हणाले, "म्हणजे मी निम्मा बरोबर." वहिनी अजून बंदीवरच ठाम आहेत.

जुनाखोका, जुनी बाहुली ऑनलाइन पाहिली. विकणारा म्हणतो अस्सल पहिल्या खेपेची, पाठीवर वर्ष आहे. विश्वास ठेवू का? आणि ही माळ्यावरची बाहुली पावसाळ्यात कशी ठेवू?

जुनाखोका:

पाठीवरचं वर्ष साच्याचं असतं, बाहुली त्याच वर्षी झाली असं नाही. त्यामुळे तेवढ्यावर पैसे टाकू नका. दोन्ही हात कोपरापासून वेगळे काढून फोटो मागवा, खुंटी शाबूत दिसली पाहिजे. डावाच हात आहे ना तेही बघा, डावा-उजवा अदलाबदल चालत नाही.

ठेवायचं म्हणाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आपल्याकडच्या दमट हवेत आत घाम धरतो. पुठ्ठ्याचा खोका, सुती फडकं, औषधाच्या बाटलीत येतात त्या सिलिकाच्या पुड्या. डोक्यातला गोंद झिरपून केस चिकट झाले तर भांड्यांच्या साबणाने धुवा, थोडे दिवस बरं राहतं, मग परत धुवायचं. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चेहऱ्याजवळसुद्धा नेऊ नका, रंग सगळा उतरेल.

सुपारीबाग:

डावाच आहे, बघितलं. विकणाऱ्याकडे फोटो मागितलाय. तो म्हणतो कुरिअर शिरोड्यापर्यंत येत नाही, सावंतवाडीला उतरवून घ्या. चालेल म्हटलं, शनिवारी जायचंच आहे.